परक्याची ओळख

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी, कसबा बावडा येथे, वैद्यकीय विभागाच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या या व्यासपीठावरून दरवर्षी आपल्यापुढे कामाचा आढावा मांडला जातो. तो आढावा आणि जमाखर्चाची पत्रके या अहवालात स्वतंत्रपणे दिलेली आहेत. म्हणून आज आकडे वाचून आपला वेळ न घेता, आमच्याकडून द्यायच्या राहून गेलेल्या एका उत्तराची परतफेड करावी, असे आम्ही ठरविले आहे.

एके सकाळी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक आजोबा नातवाला घेऊन आले. मुलाचे वय आठ वर्षे. भटक्या कुत्र्याने त्याच्या पोटरीचा लचका तोडला होता. जखम साबणाच्या पाण्याने भरपूर धुतली, तिच्या कडेने प्रतिपिंडांचे औषध भरले आणि दंडात लसीची पहिली सुई दिली. तिसऱ्या दिवशीची दुसरी सुई वेळेवर झाली. सातव्या दिवशी मात्र कोणी आले नाही. आमच्या परिचारिका ताई घरी जाऊन निरोप देऊन आल्या, तेव्हा संध्याकाळी आजोबा आले, पण थोडे रागावूनच. ते म्हणाले, ‘‘डॉक्टर, जखम भरली की. पोरगं खेळाय लागलंय. दोन सुया झाल्या, आता आणि तीन कशाला टोचायच्या त्याला?’’

बाहेर रांग लागली होती. ‘‘नियम आहे, आजोबा,’’ एवढेच आम्ही म्हणालो. आजोबांनी नियम मानला, नातवाला आणून सुई दिली. परंतु नियम सांगणे म्हणजे उत्तर देणे नव्हे. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याच्या उत्तरात मानवी शरीराच्या एका अद्भुत व्यवहाराची सारी कथा सामावलेली आहे. आपले शरीर परक्याला ओळखते कसे, आणि ओळखायला त्याला वेळ का लागतो, ही ती कथा.

वेशीवरचे राखणदार

उसाचा पाला काढताना हात कापला नाही, असा शेतकरी आपल्या बावड्याच्या शिवारात विरळाच. पात्याची कड त्वचा चिरते आणि त्या फटीतून मातीतील असंख्य जंतू आत उतरतात. त्वचेखाली काही पेशी सदैव गस्तीवर असतात. त्यांना महाभक्षी पेशी म्हणतात. पेशीला डोळे नाहीत, कान नाहीत. तिला जे काही कळते ते स्पर्शाने कळते. तिच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे असंख्य उंचवटे आणि खोबणी असतात. त्यांना शास्त्रात ‘ग्राही’ असे नाव आहे. ज्या परक्या पदार्थाचा आकार ग्राहीत चपखल बसतो, त्याचीच दखल ती पेशी घेते. कोल्हापुरी चप्पल ज्याच्या पायाच्या मापाने बेतली त्याच्याच पायात नेमकी बसते, तसाच हा प्रकार आहे. अशा ओळखल्या जाणाऱ्या परक्या पदार्थाला ‘प्रतिजन’ म्हणतात.

या राखणदारांचे काही ग्राही जन्मजात ठरलेले असतात. त्यांपैकी एका महत्त्वाच्या कुळात माणसाच्या ठायी सुमारे दहा प्रकार आहेत. समोरच्या जंतूचे नाव-गाव त्यांना कळत नाही. जंतूच्या भिंतीवर किंवा शेपटीवर असणारे आणि आपल्या शरीरात कोठेही न आढळणारे ढोबळ खुणेचे पदार्थ तेवढे त्यांना समजतात. वेशीवरच्या राखणदाराला आलेला माणूस कोणत्या गावचा हे सांगता येत नाही, पण तो आपल्या गावचा नाही हे पेहरावावरून कळते, तसेच हे आहे. खूण पटताच महाभक्षी पेशी जंतूला वेढून गिळते आणि आजूबाजूला इशारा देते. जखमेभोवती येणारी लाली, ऊब आणि ठणका हा त्याच इशाऱ्याचा परिणाम असतो.

पेशी परक्या वस्तूला वेढतात हे १८८२ साली एली मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने इटलीतील मेसिना येथे पाहिले. तारामाशाच्या पारदर्शक डिंभात त्याने गुलाबाचे काटे खुपसले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काट्यांभोवती पेशींची गर्दी झालेली त्याला सूक्ष्मदर्शकाखाली दिसली. १९०८ साली त्याला पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. हे नाव आपण लक्षात ठेवावे, कारण याच मेचनिकॉफच्या एका विद्यार्थ्याची गाठ पुढे आपल्या मुंबईशी पडणार आहे.

मुद्देमाल आणि पंच

बहुतेक किरकोळ जखमांचा निकाल वेशीवरच लागतो. जेथे लागत नाही, तेथे प्रकरण पुढे जाते आणि ते नेण्याचे काम डेंड्रिटिक पेशी करतात. झाडाला फांद्या फुटाव्यात तसे यांच्या अंगाला फाटे असतात. न्यूयॉर्क येथे राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ साली त्यांचा शोध प्रसिद्ध केला, त्या कामासाठी २०११ साली त्यांना नोबेल जाहीर झाले. ही पेशी जखमेच्या जागी परका पदार्थ गिळते, जागा सोडते आणि लसीकावाहिन्यांतून प्रवास करीत जवळच्या लसीकाग्रंथीत जाऊन पोहोचते. पायात काटा मोडला की जांघेत अवधाण येते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. दुखणे पायात आणि गाठ जांघेत, असे का, याचे उत्तर येथे आहे. तेथे त्या वेळी चौकशी चाललेली असते.

वाटेत या पेशीच्या पोटात एक महत्त्वाची प्रक्रिया घडते. गिळलेल्या जंतूच्या प्रथिनांचे विकरांच्या साहाय्याने लहान लहान तुकडे केले जातात. त्यांतील निवडक तुकडे पेशीने स्वतः बनविलेल्या एका विशिष्ट प्रथिनाच्या खाचेत बसविले जातात आणि तो जोड पेशीच्या पृष्ठभागावर आणून मांडला जातो. या मांडणाऱ्या प्रथिनांना माणसात एचएलए म्हणतात. आपण त्यांना तबक म्हणू. एखाद्या तबकावरील तुकडा अवघ्या आठ-दहा अमिनो आम्लांचा असतो, तर काही तबकांवर याहून थोडे लांब तुकडे बसतात. एवढ्याशा नमुन्यावरून सारा जंतू ओळखायचा असतो.

तबके दोन प्रकारची आहेत. बाहेरून गिळलेल्या मालाचा नमुना एका प्रकारच्या तबकावर येतो आणि तो ‘मदतनीस’ टी पेशींना दाखविला जातो. पेशीच्या आतच जे तयार होते त्याचा नमुना दुसऱ्या प्रकारच्या तबकावर येतो आणि तो ‘मारेकरी’ टी पेशी तपासतात. शरीरातील केंद्रक असलेली जवळजवळ प्रत्येक पेशी या दुसऱ्या तबकावर आपल्या घरात काय शिजते आहे त्याचा नमुना सतत दारात मांडून ठेवते. विषाणू शिरलेल्या पेशीच्या तबकावर परका तुकडा दिसला की मारेकरी टी पेशी त्या पेशीचा नाश करते.

आता पोलीस तपासाची रीत आठवावी. मुद्देमाल जप्त झाला, तरी पंचांसमोर पंचनामा झाल्यावाचून प्रकरण पुढे सरकत नाही. शरीराची रीतही अशीच आहे. परका तुकडा सुटा समोर आला तर टी पेशी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तो आपल्याच शरीराच्या तबकावर मांडलेला असावा लागतो. पीटर डोहर्टी आणि रॉल्फ झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे १९७४ च्या सुमारास हे सिद्ध केले आणि १९९६ साली ते नोबेलचे मानकरी ठरले. एवढ्यानेही भागत नाही. तुकडा दाखविणाऱ्या पेशीने ‘धोका खरोखरीचा आहे’ अशी दुसरी खूण वेगळ्या ग्राहीद्वारे द्यावी लागते. ती खूण मिळाली नाही तर टी पेशी कामाला लागण्याऐवजी सुस्त होते. हा सावधपणा अनाठायी नाही. एका साक्षीवर निकाल दिला असता, तर आपल्याच अवयवांवर घाला पडण्याचा धोका पदोपदी राहिला असता.

किल्ल्या कोठून आल्या?

येथे एक कोडे उभे राहते. जगात जंतू अगणित, त्यांची रूपे रोज बदलणारी. माणसाच्या पेशीत प्रथिने घडविणारी जनुके मात्र वीस हजारांच्या आसपास. मग प्रत्येक परक्यासाठी वेगळा ग्राही शरीर घडविते तरी कसे?

सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९७६ साली बी पेशींच्या संदर्भात हे कोडे सोडविले. १९८७ साली त्यांना नोबेल मिळाले. ग्राहीचे जनुक पेशीला तयार स्थितीत मिळत नाही, त्याचे सुटे तुकडे मिळतात. प्रत्येक बी पेशी आणि प्रत्येक टी पेशी आपल्या घडणीच्या वेळी त्यांतून काही तुकडे उचलते आणि जोडते. मोजक्या अक्षरांतून भाषेतील लक्षावधी शब्द व्हावेत, तसे मोजक्या तुकड्यांतून कोट्यवधी आकारांचे ग्राही तयार होतात. एका पेशीला मात्र एकाच आकाराचा ग्राही लाभतो. याचा अर्थ असा की, शरीर शत्रूला पाहून किल्ली घडवीत नाही. कोट्यवधी किल्ल्या ते आधीच आणि आंधळेपणाने घडवून ठेवते. कुलूप कधी समोर येईल, येईल की नाही, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते.

आंधळेपणाने घडविलेल्या किल्ल्यांत स्वतःच्याच घराला लागणाऱ्या किल्ल्याही निघणारच. म्हणून टी पेशींची छातीच्या मधल्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत कसोटी घेतली जाते. जी आपल्या तबकाला ओळखतच नाही ती बाद, आणि जी आपल्याच तुकड्यांवर तुटून पडते तीही बहुधा बाद. या कसोटीत फारच थोड्या पेशी उतरतात. त्यातूनही निसटलेल्या पेशींना आवर घालणाऱ्या नियंत्रक टी पेशी असतात. त्यांच्याविषयीच्या संशोधनासाठी २०२५ चे वैद्यकातील नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना देण्यात आले. ही व्यवस्था बिघडली की संधिवाताचे काही प्रकार आणि बालवयातील मधुमेह यांसारखे, शरीर स्वतःशीच भांडण मांडणारे आजार उद्भवतात.

आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर

आता आपण उत्तरापाशी आलो आहोत. एखाद्या नव्या जंतूच्या एखाद्या तुकड्याला चपखल बसणारा ग्राही लाखांत एखाद्याच टी पेशीपाशी असतो. ती पेशी शोधणे, तिला तुकडा दाखविणे, दुसरी खूण देणे, आणि मग एकीच्या दोन, दोनांच्या चार अशी तिची फौज उभी करणे, या साऱ्याला दिवस लागतात. दुसरीकडे बी पेशींचे काम चाललेले असते. बी पेशीचा ग्राही न कापलेल्या, अखंड प्रतिजनाचा आकार ओळखतो. ती त्याला आत ओढते, त्याचे तुकडे करते, तबकावर मांडते आणि मदतनीस टी पेशीची संमती मागते. संमती मिळाली की तिची प्रजा वाढते आणि तिच्या ग्राहीचीच सुटी रूपे रक्तात सोडली जातात. तीच प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी. प्रथमच दिलेल्या लसीनंतर पुरेशी प्रतिपिंडे रक्तात येण्यास साधारण सात ते चौदा दिवस लागतात.

रेबीजचा विषाणू या वेळेचाच फायदा घेतो. चावलेल्या जागी तो फारसा गाजावाजा करीत नाही. मज्जातंतूत शिरून तो त्याच्या आडोशाने मेंदूकडे सरकत राहतो. मुद्देमाल पंचांपुढे पुरेसा येतच नाही, म्हणून शरीर वेळेवर जागे होत नाही. बहुधा दोन-तीन महिन्यांनी, क्वचित आठवड्याभरात तर क्वचित वर्षानेही, लक्षणे दिसू लागतात आणि त्यानंतर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. जखम भरली, पोर खेळू लागले, याचा विषाणूशी काहीही संबंध नसतो.

लस काय करते? मृत केलेला विषाणू ती दंडात, उजेडात आणून ठेवते. मज्जातंतूत दडून जो पंचांना चुकवीत होता, त्याचाच मुद्देमाल आम्ही हाताने पंचांपुढे नेऊन ठेवतो. पहिली सुई म्हणजे पहिली ओळख. पुढच्या सुयांच्या वेळी फौज वाढते, आणि लसीकाग्रंथीत बी पेशींचे ग्राही थोडेथोडे बदलून त्यांतील अधिक घट्ट बसणारे निवडले जातात. या निवडीला आठवडे लागतात. म्हणूनच स्नायूत द्यायची ही लस पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दिली जाते, पहिली सुई तेवढी शून्य दिवस धरायची. त्वचेत दिल्या जाणाऱ्या पद्धतीत चौदाव्या दिवसाची सुई नसते, परंतु अठ्ठाविसावा दिवस तेथेही चुकत नाही. आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांच्या रिकाम्या जागेचे काय? ती भरून काढण्यासाठी रक्त आलेल्या जखमेत पहिल्याच दिवशी तयार प्रतिपिंडे भरावी लागतात. ती उसनवारी असते, काही आठवड्यांत संपते. तोवर आपले स्वतःचे उत्पन्न सुरू व्हायला हवे.

हे उत्पन्न एकदा सुरू झाले की मागे स्मृतिपेशी राहतात. याचा व्यवहारातील पुरावा असा : ज्याने पूर्वी हा क्रम पूर्ण केला आहे, त्याला पुन्हा कुत्रे चावले तर साधारणतः दोनच सुया लागतात आणि जखमेत प्रतिपिंडे भरावी लागत नाहीत. शरीराने ओळख ठेवलेली असते.

ज्येष्ठांना पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. मेंढीच्या मेंदूपासून बनविलेली ती जुनी लस २००५ पर्यंत आपल्या देशात बंद झाली. आजची लस दंडात देतात, ती अधिक सुरक्षित आहे. भीती बाळगावी असे तिच्यात काही उरलेले नाही. उरलेली भीती एकच, ती अर्धवट सोडण्याची.

१८९७ सालची शर्यत

वेळेचे हे गणित कोल्हापूरच्या पूर्वजांनी फार कठोरपणे अनुभवले आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि पुढे दक्षिण महाराष्ट्रातही पसरला. ज्या राजर्षी शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी आपल्या बावड्याच्या लक्ष्मी-विलास राजवाड्यात झाला, त्यांच्या कारकिर्दीची आरंभीची वर्षे दुष्काळ आणि प्लेग या दुहेरी संकटाशी झुंजण्यात गेली. लोकांना गाव रिकामे करून माळावर झोपड्यांत राहावे लागले. त्या काळी मराठी वृत्तपत्रे या रोगाला ग्रंथिक सन्निपात म्हणत. जांघेत वा काखेत येणारी ती गाठ म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथीच. आपण ज्याला अवधाण म्हणतो आणि जेथे ओळखीची चौकशी चालते, तेच ते ठिकाण. मात्र प्लेगचा जंतू चौकशीच्या जागेतच ठाण मांडून वाढत असे. गाठ दिसल्यावर पुष्कळदा आठवडाभरात सारे संपून जाई. शरीराला ओळखीसाठी जेवढे दिवस हवेत, तेवढे दिवसच त्याला मिळत नसत.

त्या वेळी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात वाल्डेमार हाफकिन हे शास्त्रज्ञ कामाला लागले. ओडेसा येथे ते मेचनिकॉफचे विद्यार्थी होते आणि नंतर पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी काम केले होते. तुपाचे थेंब सोडलेल्या रश्शात त्यांनी प्लेगचे जंतू वाढविले, ते उष्णतेने मारले आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. ग्राही, तबके, टी पेशी यांतले काहीही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. परंतु एक गोष्ट त्यांना नेमकी उमगली होती : मेलेला शत्रू आधी दाखविला, तर जिवंत शत्रू आल्यावर शरीराचे दिवस वाचतात. १८९९ साली परळ येथे गेलेली त्यांची प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. तेव्हाही लस टोचून घेण्यास लोक बिचकत होते, नाना अफवा होत्या. साथ आटोक्यात आणण्याच्या नावाखाली काही ठिकाणी झालेली जबरदस्ती त्या भीतीत भर घालणारीच ठरली. लोकांना समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, हा धडा आम्ही त्या इतिहासातून घेतो. ‘नियम आहे’ या आमच्या उत्तराची आम्हाला खंत वाटते, ती यामुळेच.

ओळखीचा काटेकोरपणा

ओळख किती काटेकोर असते याचे एक उदाहरण मुंबईनेच जगाला दिले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आगळा रक्तगट प्रसिद्ध केला, तो आज ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून सर्वत्र ओळखला जातो. नेहमीच्या साध्या तपासणीत हे रक्त ओ गटाचे भासते. परंतु ओ गटाच्या तांबड्या पेशींवरही एच नावाचा एक पदार्थ असतो आणि तोच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. परिणामी ज्याला आपण सर्वांना चालणारे रक्त समजतो, ते ओ गटाचे रक्तही त्यांच्या शरीराला परके ठरते आणि ते दिल्यास प्राणावर बेतू शकते. आपल्या देशात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते. रक्ताची पिशवी लावण्यापूर्वी रुग्णाचे आणि दात्याचे रक्त जुळवून पाहण्यात वेळ जातो, तेव्हा बाहेर बसलेल्या नातेवाइकांचा जीव कासावीस होतो. तो वेळ का लागतो, हे यावरून आपल्या ध्यानी यावे.

आणि आता ओळखीचा नवा अध्यायही मुंबईतच लिहिला गेला आहे. काही कर्करोगी पेशी आपल्याच पेशींचा पेहराव करून टी पेशींना फसवितात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर येथील संशोधकांनी रुग्णाच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांच्या पृष्ठभागावर नव्याने रचलेला ग्राही बसविण्याचे तंत्र सिद्ध केले. हा ग्राही बी पेशींवरील सीडी १९ नावाची खूण थेट ओळखतो, त्याला तबकाची गरज लागत नाही. रक्ताच्या व लसीकाग्रंथींच्या काही कर्करोगांसाठी असलेल्या या उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशातील अशा उपचारांहून त्याचा खर्च पुष्कळ कमी आहे, तरीही सामान्य कुटुंबाला तो आजही जड आहे. आमच्यासारख्या रुग्णालयात हा उपचार होत नाही. मात्र तो कोणाला उपयोगी पडू शकेल हे ओळखून रुग्णाला वेळेवर योग्य ठिकाणी पाठविणे, हे आमचे काम आहे.

आमची विनंती

या साऱ्यातून आम्ही आपल्याकडे काय मागतो?

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, कुत्रा, मांजर वा माकड यांचा दात लागला, तर जखमेवर चुना, हळद, मिरची लावण्यात एक क्षणही घालवू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दिलेल्या तारखा दिनदर्शिकेवर खूण करून पाळाव्यात.

दुसरी गोष्ट ऊसतोड कामगारांच्या मुलांची. गळीत हंगाम सुरू झाला की बीड आणि आसपासच्या भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे आपल्या शिवारात उतरतात. दिवाळीच्या आगेमागे जन्मलेल्या बाळाला दीड महिन्याचा डोस मिळण्याच्या सुमारास आई फडात असते. अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस तर हमखास येथेच येतात, आणि लसीकरणाचे कार्ड पुष्कळदा गावी राहिलेले असते. त्या बाळाच्या शरीरात एकदा ओळख करून दिली गेली, पण ती पक्की करणारी दुसरी भेट झालीच नाही, अशी स्थिती होते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांना याहून अधिक काय हवे? फडावरच्या खोपटांत जाऊन अशा मुलांची नोंद ठेवणारी आणि त्यांना केंद्रापर्यंत आणणारी माणसे आम्हाला हवी आहेत.

देणगीदारांना आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो की, आपल्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या वास्तूंचे मोल आम्ही जाणतो. परंतु लसीचा सारा खेळ आकाराचा आहे. ग्राही आकार ओळखतो आणि तो आकार टिकावा म्हणून लस दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने वीज आणि वाटा यांचे काय केले, हे येथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको. शीतपेटी, तिला अखंड वीज देणारी व्यवस्था आणि घरोघर जाणाऱ्या एका सेविकेचे मानधन, या तीन गोष्टींवर कोणाच्या नावाची पाटी लावता येत नाही. तरीही येत्या वर्षासाठी आमची मागणी याच तीन गोष्टींची आहे.

रक्तदात्यांनी आपला क्रम चालू ठेवावा आणि ज्यांचा रक्तगट दुर्मीळ असल्याचे कळले आहे त्यांनी आपली नोंद रक्तपेढीत आवर्जून करावी, एवढेच त्यांना सांगणे आहे.

त्या आजोबांच्या नातवाच्या पाचही सुया पूर्ण झाल्या. अठ्ठाविसाव्या दिवशी आजोबा स्वतःच त्याला घेऊन सर्वांत आधी रांगेत उभे होते. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी त्यांना बाकावर बसवून आम्ही सांगितले, जवळजवळ याच शब्दांत. सारे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘‘म्हणजे ओळख पक्की व्हायला पाच भेटी लागतात म्हणा की. मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं.’’

ते पहिल्याच दिवशी सांगण्याचा संकल्प आम्ही या वर्धापनदिनी करीत आहोत.